ओल्या फडात फसणारे चाक

हंगाम ऐन भरात असताना मावठा पडला की आमच्या गट ऑफिसातले फोन वाजू लागतात आणि पलीकडून एकच वाक्य ऐकू येते, "साहेब, ट्रॅक्टर फसला जी." मग तो काढायला दुसरा ट्रॅक्टर, दुसऱ्याला काढायला तिसरा. तोडलेला ऊस वावरात वाळत पडतो, टोळी धुऱ्यावर बसून राहते. याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात आपले काही चुकते असे कोणाला वाटतच नाही. मला तसे का वाटू लागले, ते आधी सांगतो.

पेंचच्या कालव्याखाली, आपल्या पारशिवनी गटातच, धानाच्या जुन्या बांधीत लावलेला ऊस होता. कालव्याचा पाझर, त्यात दोन दिवस आधी पाऊस. लागण तारखेप्रमाणे त्या फडाचा नंबर लागला होता म्हणून तोडीची चिठ्ठी मीच दिली. भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर खाली बसला तो थेट मागच्या हाउसिंगपर्यंत. कोणीतरी बाभळीचे लाकूड आणले, साखळीने मागच्या दोन्ही चाकांना आडवे बांधले आणि ड्रायव्हरने क्लच सोडला. चाक फिरेना, मग ट्रॅक्टरच फिरला. पुढची चाके माणसाच्या छातीएवढी वर गेली. पोराने वेळेवर क्लच दाबला म्हणून ट्रॅक्टरचे नाक धाडकन खाली आले. तो पोरगा फार तर पंचविशीचा असेल. त्या रात्री मला झोप आली नाही.

मागचे चाक जाम झाले आणि इंजिनाचा जोर चालूच राहिला, की तो जोर सबंध ट्रॅक्टरचे धूड मागच्या आसाभोवती उचलतो. मागे उलटायला दीड सेकंदही पुरतो, तेवढ्यात उडी मारणे माणसाच्या हातात नसते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरला वाचवणारी मजबूत लोखंडी चौकट सक्तीची केली. आपल्याकडे बहुतेक ड्रायव्हरांच्या डोक्यावर उन्हाचे छत तेवढे असते. तेव्हा फसलेल्या चाकाला लाकूड बांधण्याची ही पद्धत आपल्या गटातून कायमची बंद झाली पाहिजे, एवढे तरी माझे म्हणणे ऐकाच.

आता मूळ मुद्दा. ट्रॅक्टर फसला की सभासद मला विचारतात, "साहेब, काहून फसला? पन्नासचा घ्यावा काय जी?" माझे मत असे की चिखलात हॉर्सपॉवर फारशी कामाची नाही. पस्तीसचा जिथे चाक घुमवतो, तिथे पन्नासचा तेच चाक जास्त जोराने घुमवतो आणि जास्त खोल खड्डा करतो. जोर जमिनीला लागू पडला तर ओढ मिळणार, आणि तो लागू करण्याचे काम चाकाचे आहे.

जमीन चाकाला दोन प्रकारे धरते. एक घर्षण, दुसरा मातीचा आपसातला चिकटपणा. फ्रान्सच्या कूलॉम या इंजिनिअरने १७७३ सालीच हा हिशेब मांडला होता. बरड, मुरमाड किंवा कोरड्या जमिनीत घर्षण मोठे असते, म्हणून तिथे चाकावर वजन वाढवले की पकड वाढते. टायरमध्ये पाणी भरतात ते याचसाठी. आपली काळी जमीन मात्र पाणी प्याली की लोण्यासारखी होते. तिच्यातले घर्षण जवळजवळ संपते, उरतो तो चिकटपणा, आणि चिकटपणाची ओढ वजनावर अवलंबून नसते. चाकाचा जमिनीला किती पसारा टेकला आहे, यावर ती मिळते. म्हणजे उन्हाळी नांगरटीला उपयोगी पडलेले टायरमधले पाणी (१३.६-२८ च्या टायरमध्ये ते दीडशे लिटरांच्या आसपास जाते) ओल्या काळीत उलटे खाली खेचते. कित्येकांनी ते एकदा भरले ते वर्षानुवर्षे तसेच आहे!

पसारा वाढवायचा म्हणून अमेरिकेत काय काय केले ते वाचण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळ नदीच्या मुखाकडची जमीन इतकी भुसभुशीत की वाफेवरचे अवजड ट्रॅक्टर तिच्यात बुडत. बेंजामिन होल्ट यांच्या कारखान्याने चाके रुंद करत करत एका यंत्राची एकूण रुंदी ४६ फुटांवर नेली. आपल्या पांदणीची रुंदी आठवा म्हणजे गंमत कळेल. शेवटी १९०४ साली त्यांनी चाकेच काढली आणि पट्ट्यावर चालणारे यंत्र करून पाहिले. आजच्या बुलडोझरची साखळी ती हीच. रबरी चाक त्यानंतरचे. १९३२ पर्यंत ट्रॅक्टर लोखंडी दातेरी चाकांवर चालत, त्या वर्षी अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने फायरस्टोनचे हवेचे टायर बसवून ट्रॅक्टर बाजारात आणला. लोक आधी हसले म्हणतात, पण हवेचे चाक जमिनीवर थोडे चपटे होऊन पसरते आणि लोखंडी चाक पसरत नाही, हा फरक त्यांना वावरात दिसला.

याहून जुना आणि चांगला नमुना आपल्या घरीच होता. चिखलणीला आपण बैलापेक्षा हेला पसंत करायचो. त्याचा खूर दुभंगलेला, चिखलात टेकला की दोन्ही फाके पसरतात, आणि उचलला की मिटतात. त्यामुळे टेकताना पसारा मोठा आणि निघताना चिखल धरून ठेवत नाही. चाक घडवणाऱ्याला हे दुसरे काम फार अवघड जाते. टायरच्या दोन दात्यांमध्ये काळी माती एकदा भरली आणि निघाली नाही, की टायर गुळगुळीत ड्रम होतो, मग दाते असून नसल्यासारखे.

म्हणूनच दात्यांच्या बाबतीत टायर कंपन्यांनी वर्ग पाडले आहेत. आपल्या ट्रॅक्टरला सहसा येतो तो आर-वन. दुसरा आर-टू, त्याचे दाते आर-वनच्या जवळजवळ दुप्पट खोल असतात आणि दात्यांमधली जागा मोकळी असते. या आर-टूला टायरच्या व्यवसायात म्हणतात काय, तर 'ऊस आणि भाताचे टायर'! नावातच आपली दोन्ही पिके आहेत. मग आपण ते सर्रास का वापरत नाही? कारण आपला ट्रॅक्टर वावरात तासभर आणि डांबरी रस्त्यावर दिवसभर असतो. खोल दात्याचे टायर डांबरावर भराभर झिजते, हादरे देते. एकाच टायरने गव्हाणीपर्यंतची वाहतूकही करायची आणि ओला फडही काढायचा, ही आपली अपेक्षाच मुळात चूक आहे. ज्याचा ट्रॅक्टर मुख्यतः धानाच्या बांधीत चालतो, त्याने नवे टायर घेताना आर-टूचा जरूर विचार करावा. वाहतूकवाल्याने करू नये.

दाते कोणते का असेनात, टायर बसवताना त्याच्या बाजूवरचा बाण पाहा. दात्यांच्या व्हीचे टोक आधी जमिनीला टेकले पाहिजे, म्हणजे माती मधून दोन्ही बाजूंना फेकली जाते. पंक्चर काढून उलटे बसवलेले टायर मी स्वतः पाहिले आहेत.

आता हवेकडे वळू. टायरखाली जमिनीवर पडणारा दाब हा ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. वावरात मागच्या टायरला साधारण १२ ते १४ पौंड पुरतात, रस्त्यावर ओझे ओढताना जास्त लागतात. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. आपण बाराही महिने रस्त्याची हवा ठेवतो. दाब मोजायचे मीटर अगदी किरकोळ किमतीत मिळते, तरी दहा ट्रॅक्टरवाल्यांना विचारले तर एखाद्याकडे निघेल की नाही शंका.

आणि ट्रॅक्टरच्या चाकाबद्दल एवढे बोललो तरी खरा गुन्हेगार मागे उभा आहे, ती ट्रॉली. तिची चाके अरुंद, ट्रकच्या धर्तीची, त्यांत हवा साठ पौंडांच्या पुढे. म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या टायरपेक्षा चौपट-पाचपट दाब. ती चाके सुरीसारखी जमीन कापत खाली जातात आणि आपल्यापुढे मातीचा ढिगारा लोटत चालतात. ट्रॅक्टरची बरीच ताकद तो ढिगारा लोटण्यातच जाते. ट्रॉली सुटली की तोच ट्रॅक्टर बहुतेक वेळा आपल्या आपण बाहेर निघतो, हे तुम्हीही पाहिले असेल.

केज व्हीलचा विषय काढल्याशिवाय धानवाले मला सोडणार नाहीत. चिखलणीला टायरच्या बाहेरून लावायचे अर्धे केज व्हील उत्तमच. पण करवून घेताना वेल्डिंगवाल्याला सांगा की पट्ट्या दाटीने लावू नको. जास्त पट्ट्या म्हणजे जास्त पकड हा गैरसमज आहे. मधली माती खाली गळायला जागा हवी. (पेंचच्या काठी नैकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी निघाली आहे, तेव्हा लोखंडाची अक्कल आपल्या मातीला नवी नाही.) उसाच्या फडात मात्र केज व्हील घालू नका. खोडव्याची बुडखे त्याने कापली जातात. डांबरी रस्त्यावर तर ते आणूच नका, रस्ता उकरला की बोलणी कारखान्याला बसतात.

खोडव्याचे नाव निघाले तेव्हा नुकसानीचे बोलू. ट्रॅक्टर फसला ते सर्वांना दिसते, पण न फसता ओल्या फडातून दहा खेपा झाल्या तरी नुकसान होतेच, ते दिसत नाही इतकेच. ओल्या काळीवरून चाक गेले की मातीतली हवेची पोकळी दाबली जाते, आणि यातले बहुतांश दबणे पहिल्याच फेरीत होते. वरचा थर दाबतो तो टायरचा दाब, खोलवरचा थर दाबते ते आसावरचे एकूण ओझे. खालचा थर एकदा आवळला की नांगराने सुटत नाही. धानाला असा थर चालतो, तो पाणी धरतो. उसाची मुळी तिथेच अडते. तुम्ही म्हणता, "साहेब, लागण साधली पण खोडवा बसला." अशा वेळी मी बियाणे आणि खत विचारायच्या आधी विचारतो, भाऊ, ट्रॉली कुठून नेली होती?

यावर उपाय आहे आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. सरी ५ फुटांची ठेवा, म्हणजे चाक सरीत चालेल, बुडख्यावर येणार नाही. ३ फुटांच्या सरीत ते ओळीवर चढणारच. फडात ट्रॉलीची एकच वाट ठरवा आणि सगळ्या खेपा त्याच वाटेने करा, सबंध वावर तुडवण्यापेक्षा एक पट्टा गेला तरी चालतो. त्या पट्ट्यावरचा ऊस आधी तोडून पाचटाचा जाड थर अंथरा, फार ओल असेल तर खाली पऱ्हाट्या-तुराट्या टाका. आत अर्धी ट्रॉली भरा, उरलेली पांदणीवर आणून भरा. इथे टोळीचे म्हणणे मला माहीत आहे. मोळी डोक्यावर घेऊन चिखलातून धुऱ्यापर्यंत बाया येतात, सभासद येत नाही. तेव्हा त्या जादा चालीची मजुरी ठरवूनच द्यावी लागेल, आणि ती फसलेला ट्रॅक्टर काढायला बोलावलेल्या दोन ट्रॅक्टरांच्या भाड्यापेक्षा महाग पडणार नाही.

चाक फसण्याच्या बेताला आले आहे हे आधी ओळखताही येते. टायरला खडूची खूण करा. रिकाम्या ट्रॅक्टरने चाकाचे दहा फेरे किती मीटर जातात ते मोजा, समजा ४० मीटर. ओझ्यासकट तेच दहा फेरे ३४ मीटर गेले, तर १५ टक्के घसरण झाली. याच्या पुढे जाऊ लागले की थांबा, ट्रॉली हलकी करा. डिफरन्शियल लॉक चाक बुडण्याआधी, सरळ चालीत लावायचा असतो, बुडाल्यावर लावून उपयोग होत नाही आणि वळताना तो सोडायचा असतो. तरीही फसलाच, तर ट्रॉली सोडा, चाकासमोरची माती फावड्याने काढा, आल्या चाकोरीनेच मागे या. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचे तर साखळी खालच्या हूकला, आसाच्या वर कधीच नाही, आणि साखळीजवळ कोणी उभे राहू नये.

शेवटचे म्हणणे संचालक मंडळाकडे आहे. तोडणी कार्यक्रम आपण लागण तारखेवर लावतो. त्यात वशिला चालत नाही म्हणून तो सर्वांना मान्य आहे, आणि मी स्वतः त्याच्या बाजूचा आहे. पण कालव्याखालचे पाझराचे फड आणि वरचे बरडाचे फड यांना एकच नियम लावून आपण ड्रायव्हर, टोळी आणि खोडवा तिघांनाही चिखलात घालतो. ओल्या फडांची वेगळी यादी व्हावी. पाऊस झाला की त्यांचा नंबर मागे जावा आणि त्या दिवसांत बरडाची तोड घ्यावी, आणि मागे गेलेल्या सभासदाचा नंबर जमीन वाफशावर येताच, इतर कोणाच्याही आधी, पुन्हा लागावा. हे लिखित ठरले नाही तर चिटबॉयवर दडपण येईल, हे उघड आहे. मी तसा प्रस्ताव देत आहे. ज्यांचे फड कालव्याच्या पाझराखाली आहेत त्यांनी गट नंबर, पाणी किती दिवस हटत नाही आणि पांदण कोणत्या बाजूला आहे, एवढे लिहून दसऱ्यापर्यंत गट ऑफिसात द्यावे. चिटबॉय येईल तेव्हा त्याच्या वहीत नोंदवले तरी चालेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी, पारशिवनी गट