टोपीच्या आतले नाव

माणसाने टोपी घालावी की घालू नये, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र घातलीच, तर ती करणाऱ्याचे नाव आत असावे, बाहेर नसावे, एवढा एकच माझा हट्ट आहे. या हट्टापायी नात्यागोत्यात आणि नंदुरबार स्टेशनच्या बाकावर माझी पुष्कळ भांडणे झाली. हट्ट कायम आहे.

माझ्याकडे एका पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या टोप्या जमवून ठेवलेल्या आहेत. आमची ही त्या ट्रंकेला 'डोक्याला ताप' म्हणते, ते सोडा. त्यातली एखादी काळी टोपी उलटी करून पाहा. आत गुळगुळीत अस्तर आणि त्यावर दुकानाचे नाव, सोनेरी अक्षरांत! हे नाव जगात तिघांनाच ठाऊक असे : टोपीवाल्याला, त्याच्या बायकोला आणि न्हाव्याला. शर्टाचेही तसेच. शिंप्याची चिठ्ठी कॉलरच्या आत. सुटाच्या कापडाच्या किनारीवर गिरणीचे नाव असे. पण शिंपी ती किनार शिवणीत दाबून टाकी. फार कशाला, इटलीतले बोर्सालिनो 1857 पासून हॅटा करतात. त्यांच्या हॅटा सिनेमातल्या भल्याभल्यांनी घातल्या. पण नाव कुठे? तर आतल्या कातडी पट्टीवर.

मग हे नाव बाहेर आले कसे? फ्रान्समध्ये रने लाकोस्त नावाचा नामांकित टेनिसपटू होता. लोक त्याला 'मगर' म्हणत. त्याच्या मित्राने मगरीचे चित्र काढून दिले, ते याने कोटावर भरून घेतले आणि 1933 साली शर्ट विकायला काढले तेव्हा ती मगर शर्टाच्या छातीवर आली. लाकोस्तचे मी समजू शकतो. टोपणनाव त्याचे, छाती त्याची, मगरही त्याचीच. पण शहाद्याच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या पोराच्या छातीवर मगर कशाला? त्याला घरी बंड्या म्हणतात!

असाच एक बंड्या मागे स्टँडवर उभा होता. छातीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कंपनीचे नाव. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी कौतुकाने विचारले, "कंपनीमा लागना का रे भो?" पोरगा हिरमुसला. बाबांचे काय चुकले? ज्याचे नाव अंगावर, त्याची नोकरी, हा सरळ हिशेब. रेल्वेच्या हमालाचा बिल्ला असतो, पोस्टमनचा असतो. त्यांना कामाचे पैसे मिळतात. याला पगार नाही. उलट यानेच पैसे मोजलेले.

आमचा जिल्हा मिरचीचा, कापसाचा, पपईचा. बियाण्यांच्या आणि खतांच्या कंपन्या शेतकऱ्यांना टोप्या वाटतात. कपाळावर कंपनीचे नाव हे एवढे मोठे. शेतकरी ती टोपी घालून मिरची खुडतो. ऊन लागत नाही, खर्च नाही, कंपनीची जाहिरात होते. व्यवहार चोख! आणि शहरातला शिकलासवरलेला माणूस काचेच्या दुकानात जाऊन हजार रुपये देतो आणि तशीच टोपी घेतो. आता कुणी कुणाला टोपी घातली, ते तुम्हीच ठरवा.

यावर आमच्या अप्पांचा मुद्दा असतो, "अहो, नाव दिसलं म्हणजे माल अस्सल आहे हे कळतं." कळत नाही अप्पा! नक्कल करायला सगळ्यांत सोपे काय, तर नाव. शिवण साधत नाही, काज साधत नाही, नाव मात्र हुबेहूब साधते. आठवड्याच्या बाजारात दोरीवर टांगलेली सगळी टी-शर्टे जागतिक कीर्तीची असतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडे घेतात. दात बघतात, भोवरे बघतात, पंचकल्याणी आहे का बघतात, चालवून बघतात. अंगावर मालकाचे नाव छापले आहे म्हणून कुणी घोडा घेत नाही.

आणि यात खरे कोण भरडते ते सांगतो. बापाने ऊसतोडीच्या पैशातून पोराला शर्ट आणला. छातीवर मोठे नाव होते म्हणूनच आणला, पोराला आवडेल म्हणून. कॉलेजात पोरांनी ते नाव निरखून पाहिले, एक अक्षर कमी निघाले, आणि "डुप्लिकेट, डुप्लिकेट" म्हणून गलका केला. कापड धड होते, माप बरोबर होते. साधा पांढरा शर्ट आणला असता तर कुणाची हिंमत होती? साधा शर्ट डुप्लिकेट असूच शकत नाही.

अप्पांकडे एक हुकमी पान असते. "तुमच्या त्या पगड्या काय मुक्या होत्या? पगडी पाहून जात ओळखत होते लोक!" हे मात्र सोळा आणे खरे. पगडी नुसती बोलत नव्हती, ओरडत होती. त्या ओरडण्यापेक्षा कंपनीचे नाव परवडले, हेही मी मान्य करतो. पण म्हणूनच तर 1919-20 च्या सुमारास ती पांढरी टोपी आली! गांधींनी प्रांतोप्रांतीच्या टोप्या पाहिल्या आणि काश्मिरी टोपीवरून ही घडीची टोपी बेतली, हे काकासाहेब कालेलकरांनी नोंदवून ठेवले आहे. पांढरी का, तर मळली की दिसावी आणि धुतली जावी. खुद्द गांधींनी ती थोडाच काळ वापरली. पण लाखो डोक्यांवर ती बसली आणि सावकार कोण, सालदार कोण, हे निदान डोक्यावरून तरी कळेनासे झाले. 9 सप्टेंबर 1942 ला आमच्या नंदुरबारच्या माणिक चौकात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळ्या खाऊन पडले. त्या झेंड्याचे कापड कुठल्या गिरणीचे होते, हे आजवर कुणी विचारल्याचे ऐकले नाही.

त्या टोपीवरची कोरी जागा मात्र लोकांना बघवेना. 2011 साली दिल्लीत अण्णांचे आंदोलन झाले, तेव्हा तिच्यावर 'मी अण्णा' असे छापले गेले. पुढच्या वर्षी 'मी आम आदमी' आले. अहो, आम आदमी आहोत हे लिहून दाखवावे लागते का? मागोमाग सगळ्या पक्षांनी आपापल्या रंगाच्या, चिन्हाच्या टोप्या काढल्या. माझ्या ट्रंकेत त्यांना जागा नाही.

मी पाहिलेली सर्वांत देखणी टोपी काठीच्या राजवाडी होळीत नाचणाऱ्याच्या डोक्यावर होती. मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं, आणि बाकी सातपुड्याची रात्र. त्या टोपावर कुणाचे नाव नव्हते. किंमत विचारायला माझी जीभ रेटली नाही.

परवा जावईबापूंनी दिवाळीचा शर्ट आणला. कापड लोण्यासारखे, पण छातीवर एक भरतकाम केलेला प्राणी. मी तो घेऊन शिंप्याकडे गेलो. त्याने उजेडात धरून पाहिले आणि म्हणाला, "काका, प्राणी निघेल, पण भोक राहील. वरून खिसा मारून देऊ का?" मारून दिला. जावईबापू आले की मी त्यात चष्मा ठेवतो.