ह्यांची आगगाडी आणि घरखर्चाची वही

मैत्रिणींनो, यजमानांच्या सिगारेटी, पत्ते, मित्रांच्या पार्ट्या यांविषयी पत्रं नेहमीच येतात. या खेपेला चिंचवडच्या एका भगिनीचं पत्र आलंय ते आगगाडीविषयी. टेबलावर पळणाऱ्या, बोटभर उंचीच्या आगगाडीविषयी.

पत्राचा गोषवारा असा. यजमान एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. वर्षभरापासून ओव्हरटाइम बंद आहे, बोनस निम्म्यावर आला, घराच्या कर्जाचा हप्ता मात्र जिथल्या तिथे. मुलगी दहावीला, तिच्या क्लासची फी दोन हप्त्यांत भरायची आहे. आणि गॅलरी बंद करून केलेल्या खोलीत आठ फुटी फळीवर रूळ, बोगदा, जर्मन धर्तीचं स्टेशन. “दारू नाही, तंबाखू नाही, संध्याकाळी घरी असतात, म्हणून मी कधी बोलले नाही,” असं त्या लिहितात. “पण परवा कपडे भिजवताना शर्टाच्या खिशात कुरियरची पावती सापडली. पार्सल घरी न मागवता कारखान्याच्या पत्त्यावर मागवलं होतं. आकडा वाचला आणि मटकन खाली बसले. विचारू की नको विचारू?”

ताई, विचारा. मात्र पावतीपासून सुरुवात करू नका. आधी हा छंद आहे तरी काय ते थोडं समजून घ्या. रेशमाची पारख असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार जपून भाव सांगतो ना, तसंच आहे हे.

या छंदात दोन तऱ्हेची कामं असतात. एक विकत घेण्याचं: इंजिनं, डबे, रूळ, सिग्नल. दुसरं हातानं करण्याचं: डोंगर, झाडं, घरं, फलाट, वायरी जोडणं, साफसफाई. पहिल्याला पैसा लागतो, वेळ लागत नाही. दुसऱ्याला वेळ भरपूर लागतो आणि पैसा अगदी बेताचा. आता बघा, ओव्हरटाइम बंद झाल्यानं तुमच्या घरात पैसा कमी झाला, पण ह्यांचा वेळ वाढला. छंद बंद करायची गरजच नाही. या बाजूचा त्या बाजूला सरकवायचा आहे. “हे सगळं बंद करा” म्हणालात तर पार्सलं कारखान्यातच येत राहतील, एवढं लिहून ठेवा.

अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीत नेमकं हेच घडलं. या छंदाचं ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक मिलवॉकी शहरातून निघालं ते जानेवारी १९३४ मध्ये, म्हणजे ऐन मंदीत. त्याच वर्षी लायोनेल ही तिथली खेळण्यातल्या गाड्यांची मोठी कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती, आणि नाताळात एका डॉलरला विकल्या गेलेल्या, चावीवर चालणाऱ्या मिकी माउसच्या ट्रॉलीनं तिला बराच हात दिला. भारी इंजिनाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. पण पुठ्ठा, लाकडाच्या पट्ट्या आणि छापील कागद यांतून माणसं घरी डबे बनवतच होती. छंद टिकला तो त्यांच्यामुळे.

आता पार्सलाची गोष्ट. मला त्यात एक बरी बाजू दिसते: ज्यानं लपवलं त्याला किंमत ठाऊक आहे. बेफिकीर माणूस पार्सल खुशाल घरी मागवतो. आपणही भिशीचे चार पैसे डाळीच्या डब्यात ठेवतोच की, ते कुठं सांगतो? (फरक एवढाच, की आपला डबा अडचणीला उपयोगी पडतो, इंजिन पडत नाही.) तेव्हा पकडल्याचा सूर नको. पण एक प्रश्न सरळ विचारायलाच हवा: हे पैसे आले कुठून? खिशातले साठवलेले असतील तर पुढचं सगळं सोपं आहे. पतपेढीचं कर्ज काढलं असेल, दागिना ठेवला असेल किंवा क्रेडिट कार्डावर बाकी ठेवली असेल, तर आगगाडी बाजूला ठेवून आधी ती बाकी वहीत मांडा. कार्डाचं थकबाकीचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाकाठी चाळीस टक्क्यांच्या वर. मुलीच्या क्लासची फी तिथं कुठल्या कुठं वाहून जाते. ती बाकी फिटेपर्यंत नवीन काही नाही, यात तडजोड करू नका.

बोलायची वेळ नीट निवडा. पगाराचा दिवस नको, सासूबाई किंवा दीर बसलेले असताना तर मुळीच नको. रविवारी दुपारी चहा घेऊन त्या खोलीतच जा आणि म्हणा, “आपल्याकडे काय काय आहे, त्याची यादी करू या.” वही तुमच्या हातात, वस्तू त्यांच्या हातात. या छंदातल्या बहुतेक कपाटांत न उघडलेले खोके निघतात: जोडायच्या घरांचे संच, पुलाचे भाग, कधीतरी स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले डबे. ती यादीच वर्षभराचं काम पुरवते. त्यांना वाटतं आपल्याकडे काहीच नाही, आणि यादी तीन पानं होते.

यादी करताना आणखी एक विचारा: आगाऊ नोंदणी केलेलं काही आहे का? हे फार थोड्या बायकांना माहीत असतं. परदेशातले कारखाने इंजिन तयार व्हायच्या वर्षभर, कधी त्याहूनही आधी त्याची जाहिरात करतात आणि नोंदणी घेतात. पैसे बहुधा माल निघताना मागतात. त्यामुळे चांगल्या दिवसांत हौसेनं नोंदवलेलं इंजिन बरोबर वाईट दिवसांत दारात येऊन उभं राहतं. पैसे भरलेले नसतील तर नोंदणी बहुधा रद्द करता येते. अशा नोंदण्या आजच रद्द करायला सांगा. अनामत दिली असेल तर ती बुडते का याची चौकशी करून मग ठरवा.

“ही वस्तू पुढे दुप्पट भावाला जाईल,” हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. सोन्याची गोष्ट वेगळी. मार्क्लिन ही जर्मनीतली नामवंत कंपनी १८५९ सालची. दीडशेव्या वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे ती सावरली, ते निराळं. इंग्लंडमधलं हॅटन्स हे १९४६ पासूनचं दुकान, त्यानंही जानेवारी २०२४ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर केलं. करणारे आणि विकणारेच जिथं असे डगमगतात, तिथं आपण गुंतवणूक म्हणून पैसे घालू नयेत. आवड म्हणून घ्यावं, आणि आवडीच्या पैशातूनच घ्यावं.

त्यात परदेशी मालाचं जकातीचं ओझं. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. हे दर बदलत असतात, म्हणून मागवण्याआधी चालू दर विचारून घ्यायचा. शिवाय वर जीएसटी, कुरियरचा आकार आणि कार्डावर परकी चलनाचा अधिभार. दुकानातली किंमत बघून “स्वस्त आहे” म्हणण्यात अर्थ नाही. दारात पडेपर्यंतची किंमत वहीत लिहायची.

मग दर महिन्याला किती? माझी पद्धत अशी. हप्ता, फी, विम्याचे पैसे, किराणा, औषधं आणि थोडी शिल्लक बाजूला काढल्यावर जे उरेल त्यातून दोन पाकिटं करा, अगदी सारख्या रकमेची. एक त्यांचं, एक तुमचं. हो, तुमचंही! तुम्ही त्याचं काय करता ते त्यांनी विचारायचं नाही, त्यांनी काय घेतलं ते तुम्ही विचारायचं नाही. रक्कम दोनशे असेल तर दोनशे. न खर्चलेले पैसे पुढच्या महिन्यात जमा राहतात. सहा महिन्यांनी त्यांनी एखादा डबा घेतला तर कपाळाला आठी घालू नका. एखाद्या महिन्यात काहीच उरलं नाही तर दोन्ही पाकिटं रिकामी. मात्र पुन्हा कधी बघायचं तो महिना तेव्हाच ठरवा. “बघू पुढे” म्हटलं, की माणूस पुन्हा लपवायला लागतो.

मोठी वस्तू हवीच असेल तर जुनी विकून नवी. आणि जे घ्यायचं ते एकाच मापाचं, हे त्यांना आठवण करून देण्याइतकं तुम्हालाही कळायला हवं. एचओ मापाची गाडी खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्शाएवढी असते आणि तिच्या रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. एन मापाची १६० व्या हिश्शाएवढी, अंतर ९ मिलिमीटर. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालत नाही. मार्क्लिनच्या एचओ गाड्यांची विजेची पद्धत तर साध्या दोन रुळांच्या गाड्यांहून वेगळीच. दिसायला सारख्या, पण एकमेकींच्या रुळांवर उपयोग नाही. “मिळालं म्हणून घेतलं” या सबबीवर जेवढे पैसे फुकट जातात तेवढे हौसेवर जात नाहीत. सगळं डिजिटल करायची टूमही सध्या राहू द्या. प्रत्येक इंजिनात वेगळा तुकडा बसवावा लागतो. दहा इंजिनं असली की त्याचा खर्च दहापट. जुन्या कंट्रोलरवर दोन वायरींत गाडी छान पळते.

बिनपैशाचं काम किती आहे ते आता बघा, आणि इथं आपलं स्वयंपाकघर उपयोगी पडतं. घोसाळ्याची वाळलेली जाळी हिरवी रंगवली, तोडून काडीवर चिकटवली, की झाड. नारळाचा काथ्या म्हणजे उंच वाळकं गवत. सुताराकडचा बारीक भुसा रंगवून वाळवला की हिरवळ. चहाचा चोथा स्वच्छ धुऊन कडकडीत उन्हात वाळवला तर रानातला पालापाचोळा होतो. ओलसर राहिला तर बुरशी धरते, म्हणून दोन-तीन उन्हं द्या. खराट्याचे हीर म्हणजे तारांचे खांब. लग्नपत्रिकांचा जाड कागद घरांच्या भिंतींना, आणि खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतून पन्हाळी पत्र्याचं छप्पर तयार! रुळांखाली खडी म्हणून बारीक चाळलेली वाळू चालते, पण तिच्यातून आधी लोहचुंबक फिरवा. लोखंडाचे कण इंजिनाच्या मोटारीत शिरले तर दुरुस्तीचा खर्च डोक्यावर बसतो. खडी पसरून झाली की पांढरा फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडायचा. साबणामुळे पाणी वर गोळा न होता आत मुरतं.

गाडी अडखळायला लागली की लगेच नवीन इंजिन शोधू नये, बहुतेकदा रूळ मळलेले असतात. वीज बंद करून, खिडकी उघडी ठेवून, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं. ते पेट घेतं, तेव्हा जवळ उदबत्तीसुद्धा नको. पॉलिशपेपर कधीही वापरू नये. त्याचे ओरखडे पडतात आणि त्यांत मळ जास्तच बसतो. इंजिनाला प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल, तेही सुईच्या टोकानं एक थेंब. खोबरेल किंवा गोडं तेल घट्ट होऊन चाकं धरतं. पावसाळ्यात गाड्या डब्यात ठेवून त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. चपलांच्या नाहीतर पर्सच्या खोक्यांत येतात त्याच. आपण टाकून देतो.

आणि एक सुचवते. जर्मन किल्ला विकतच घ्यावा लागतो, पण आपल्याकडचं स्टेशन घरी करता येतं. १९०७ पासूनची नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी घ्या, किंवा १८९७ सालची बार्शी लाइट. ती आता ब्रॉडगेज झाली, पण तिच्या आठवणी सोलापूर-पंढरपूरकडच्या कितीतरी घरांत आहेत. तिच्या रुळांतलं अंतर अडीच फूट; एचओच्या प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर होतं, म्हणजे एन मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ जवळजवळ बरोबर बसतात. हे तुम्ही चहा देता देता सहज बोललात, तर यजमान कप खाली ठेवून तुमच्याकडे बघतच राहतील.

कन्येलाही यात घ्या. परीक्षेच्या वर्षात रोज नको, पण दिवे जोडण्यापुरतं रविवारी तासभर बसली तर विजेचा धडा हातानं शिकेल. आणि एखाद्या रविवारी तिघं मिळून कोथरूडला जा. तिथं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे; भाऊ जोशी यांच्या ध्यासातून उभं राहिलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांना खुलं झालं. तिघांच्या तिकिटात नव्या डब्याचं चाकसुद्धा येणार नाही, आणि सगळी गावं, डोंगर, गाड्या बघायला मिळतात.

विकायची पाळी आलीच, तर घाईनं विकू नका, आणि भंगारवाल्याला किंवा भाच्याला देऊन मोकळं होऊ नका. काय जायचं ते यजमानांनीच निवडायचं. आधी मापात न बसणारं, मग दुहेरी झालेलं. आवडतं इंजिन सगळ्यात शेवटी. मूळ खोकं आणि आतला साचा असेल तर भाव बराच चांगला येतो. तेव्हा ताई, माळ्यावरची ती रिकामी खोकी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. झुरळाची गोळी टाकून, वर नाव लिहून ठेवा.