स्टार्टर मोटर वाचवतो, माणसाला नाही
सदर : लाइनवरून / वायरमन

पाऊस सरला, तापीचं पाणी निवळलं की तुकईथडच्या पट्ट्यात मोटरी नदीवर उतरू लागतात. हरभरा, गहू, केळी, सगळी भिस्त त्यांच्यावर. कुणाची मोटर काठावरच्या दगडावर बसते, कुणाची रिकाम्या ड्रमांच्या तराफ्यावर तरंगते. केबल मात्र सगळ्यांचीच झुडपांतून, वाळूतून पाण्यापर्यंत गेलेली. धक्क्याला लागलेली बोट जमिनीवरून वीज घेते ती अशीच. तिथे त्या जोडणीचे नियम ठरलेले असतात. आपल्याकडे ती ज्याच्या त्याच्या हिमतीवर चालते.

यातली एखादी केबल जवळून बघा. लाल, पिवळी, निळी अशा तीन तारांची चपटी केबल. ठिकठिकाणी जोड, जोडावर काळी टेप, टेपवर प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी. अर्थिंगची चौथी तार नाहीच. मोटरीचं वाइंडिंग आतून बसलं की वीज आधी तिच्या अंगात येते आणि मग पाण्यात उतरते.

यावर ठरलेलं उत्तर येतं : स्टार्टर आहे, एमसीबी आहे, काळजी कसली? पाच एचपीची मोटर सात-आठ अँपिअर ओढते. ही यंत्रं त्या हिशेबाची. माणसाच्या छातीतून मात्र 30 मिलिअँपिअर, म्हणजे 0.03 अँपिअर, थोडा वेळ वाहिले तरी जिवावर बेततं. एवढ्याशा गळतीची स्टार्टरला खबरही लागत नाही. ती पकडते आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा मेळ बसला नाही की ती क्षणात लाइन तोडते. दोन-तीन हजारांत मिळते. बसवली तरी आठवड्यात काढून टाकतात, कारण ‘सारखी पडते’. अहो, केबल गळते म्हणूनच ती पडते!

अमेरिकेत ओरेगॉनमध्ये 1999 साली आठ वर्षांचा एक मुलगा नदीत, बोटींच्या धक्क्याजवळ पोहताना गेला. अंगात लाइफ जॅकेट होतं. जवळच्या बोटीतून पाण्यात गळणाऱ्या विजेने त्याचा जीव घेतला. समुद्राचं खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे ती माणसाला बरीचशी वळसा घालून जाते. नदीच्या गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं शरीरच विजेला सोपी वाट देतं. स्नायू आखडतात, पोहणाऱ्याला हात मारता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की बुडाला. वाचवायला उडी मारणाराही त्यातच सापडतो. आधी लाइन पाडायची, मग पाण्यात हात घालायचा.

माझा खरा राग ऑटो स्विचवर आहे. रात्रीच्या पाळीची लाइट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून तो लावतात. झोपमोड टळते हे मान्य. पण फुटव्हॉल्व्हमधला गाळ काढायला कुणी पाण्यात उतरला असेल आणि तेवढ्यात लाइट आली, तर मोटर कुणाला विचारून सुरू होत नाही. पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच पाडून फ्यूज काढायचे आणि खिशात घालायचे. बोटवाल्यांचाही क्रम असाच : काठावरचा स्विच बंद, मग काठाकडचं टोक काढायचं, बोटीकडचं शेवटी. जोडताना उलट. बोटीकडचं टोक आधी काढलं तर जिवंत टोक हातात येतं. पाणी चढलं-उतरलं तरी ताण बसू नये म्हणून केबलला ढील हवी, आणि जोड पाण्यापासून लांब, उंचावर.

हा धोका पुढे वाढणारच आहे. खारिया गुटीघाटच्या तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाचा करार मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने मे 2025मध्ये केला. तिथे पाणी अडलं की काठावर मोटरी वाढणार. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पाणी हटेल तशा मोटरी आणि केबली सरकवत नेतात, तेच इथेही होईल. पाठोपाठ बोटीही येतील. खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागरच्या पाण्यावर हनुवंतियात त्या आल्याच.

म्हणून नदीकाठच्या जोडणीचं एस्टिमेट करतानाच त्यात चार तारांची केबल, अर्थिंग आणि आरसीसीबी धरा. मोटरीच्या अनुदानातही त्यांची किंमत घाला. कपडे धुणाऱ्या बाया आणि जाळं टाकणारे यांनी कुठलीच जोडणी घेतलेली नाही, पण पाण्यात उभे तेच असतात.