गिटार कुणाच्या बापाची?

मागच्या महिन्यात बैठक संपल्यावर चहाच्या टपरीवर एक साथी मला बोलला, "तू कविता लिहितोस, गोदीत राबतोस, सगळं ठीक. पण अंगावर हे गोऱ्यांचं मढं कशाला घेऊन फिरतोस?" मढं म्हणजे माझा टी-शर्ट. काळा, छातीवर क्रूस आणि क्रूसावर पाच कवट्या. 'गन्स अँड रोझेस'चा. बाकीचे हसले. मी गप्प राहिलो. टोळीत मी मुकादमाच्या वर आवाज काढतो, पण बैठकीत माझी जीभ जड होते. म्हणून लिहितो. ह्याचं उत्तर एका वाक्यात होत नाही.

२०११ साल. मी बारा वर्षांचा. मामा रे रोडच्या दारूखान्यात जहाजं तोडायचा. जहाज तोडायला आलं की लोखंड मालकाचं, तांबं-पितळ मालकाचं. खलाशांच्या केबिनीत जे काय उरतं, गाद्या, पंखे, बश्या, जुनी मासिकं, ते भंगाराच्या दुकानात जातं. तिथनं मामानं एक बुटाचा खोका आणला. आत एकोणीस कॅसेटी. कुणा खलाशाच्या होत्या देव जाणे, म्हणजे देवही जाणत नसेल, कारण तो नाही. काहींची कव्हरं गळलेली, काहींवर बॉलपेननं नुसते आकडे. आई बोलली, "दादा, पोराला खायला काय आणायचं सोडून हे काय आणलंस?" मामा बोलला, "वाजतंय का बघू दे की त्याला."

घरात टेप होता. त्याच्यावर भीमगीतं वाजायची, चौदा एप्रिलला तर गल्लीभर. त्या टेपात मी पहिली कॅसेट घातली. आधी घंटा वाजली. संथ, एकेक टोला. मला वाटलं चर्चचं काहीतरी. मग गिटार आली आणि फळीवरची भांडी थरथरायला लागली. शेजारच्या मावशी धावत आल्या, पोराला शॉक बसला की काय बघायला.

शॉकच बसला होता.

ती कॅसेट एसी/डीसीची. 'बॅक इन ब्लॅक', १९८०. हे नाव-गाव मला नंतर कळलं, मोबाईल हातात आल्यावर. तोवर माझ्यासाठी ते नुसते आवाज होते. बारा ते अठरा, सहा वर्षं मी ह्या एकोणीस कॅसेटींवर वाढलो. पोरं हनी सिंगवर नाचत होती तेव्हा मी रिळं पेन्सिलनं गुंडाळत होतो. वर्गात मला 'इंग्रज' म्हणायचे, आणि इंग्रजीत मला पस्तीस मार्क.

मग एकेकाचा इतिहास काढला आणि चक्रावलो. एसी/डीसीचे यंग बंधू ग्लासगोहून १९६३ साली सिडनीला पोटासाठी गेलेल्या घरातले. आधीचा गायक मेल्यावर त्यांनी घेतलेला ब्रायन जॉन्सन मोटारींच्या टपांना रेक्झीन बसवायचा धंदा करत होता. ब्लॅक सॅबथची चारी पोरं बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतल्या वस्तीतली. त्यांचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली हात गेला, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. गड्यानं काय केलं? साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, आणि दुखू नये म्हणून पुढं तारा सैल केल्या. तारा सैल झाल्या तसा आवाज खाली उतरला, जड झाला. जगातल्या सगळ्या हेवी मेटलचा जो भरभक्कम आवाज आहे, त्याच्या बुडाशी एका कामगाराची तुटलेली बोटं आहेत. आणि त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न, २०२५ च्या जुलैत वारला तो, तरुणपणी कत्तलखान्यात काम करायचा. मेलेली जनावरं, आतडी, रक्त. आपल्या लोकांना ह्या कामाबद्दल काय सांगायचं राहिलंय?

माझ्या मामाचीही दोन बोटं दारूखान्यात प्लेटीखाली गेली. ठेकेदारानं पाच हजार दिले आणि दुसरा माणूस घेतला. मामाकडं गिटार नव्हती. पण आयोमीची गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ आपला हात उलटासुलटा करून बघत राहिला.

इथपर्यंत सगळं छान आहे. कामगारांचं संगीत, टाळ्या वाजवा. पण गोष्ट इथं थांबत नाही, आणि थांबली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

खोक्यात सगळ्यात लाडके गन्स अँड रोझेस. 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन', १९८७. ॲक्सल रोझ नावाचा इंडियाना राज्यातल्या लाफायेतचा पोरगा लॉस एंजेलिसला येतो, शहर त्याला चावून खातं, आणि तो त्याच्यावर किंचाळतो. मला शब्द कळत नव्हते, किंचाळी कळत होती. त्यांचीच दुसरी कॅसेट, 'लाइज', १९८८. तिच्यात बी बाजूला शेवटचं गाणं 'वन इन अ मिलियन'. चाल अशी की ऐकणारा विरघळेल. ते मी तीन वर्षं तोंडपाठ म्हणत होतो, गच्चीवर, संडासच्या रांगेत, गोदीत.

दहावी झाल्यावर ठेक्यावर गोदीत लागलो. एकदा इंदिरा गोदीत स्टीलच्या कॉइली उतरवत होतो. मी लॅशिंग सोडता सोडता तेच गाणं म्हणत होतो, जरा मोठ्यानंच, डेकवरच्या खलाशांवर इंग्रजीची छाप पडावी म्हणून. वर कठड्याशी घानाचा एक खलाशी उभा होता. काळा, पन्नाशीचा. तो खाली आला. म्हणाला, पुन्हा म्हण. मी खुशीत पुन्हा म्हटलं. त्यानं विचारलं, अर्थ काय? मी दात काढले. मग त्यानं एक शब्द घेतला आणि त्याचा अर्थ मला सांगितला. काळ्या माणसाला गोरा जी शिवी देतो ती शिवी. त्याच गाण्यात परदेशातून पोटासाठी आलेल्यांना शिव्या आहेत, समलिंगी माणसांना आहेत. त्यानं मला मारलं नाही, बोललाही नाही जास्त. जहाज तीन दिवस धक्क्याला होतं, तीन दिवस तो माझ्याकडं बघितला नाही.

दोस्तहो, मी सातवीत असताना एका पोरानं मला जातीवरनं शब्द टाकला म्हणून त्याचं नाक फोडलंय. आणि मीच तीन वर्षं तसाच शब्द चालीत घोळवून म्हणत होतो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग मी खणायला लागलो. कळलं ते असं. कॅसेटच्या कव्हरावरच बारीक अक्षरात माफी छापलेली होती, कुणाला लागलं तर क्षमा असावी म्हणून. म्हणजे लागणार हे ठाऊक होतं. शिवी आणि माफी एकाच कारखान्यातनं पॅक होऊन आली. पुढं ॲक्सलचा खुलासा, की शब्द एका जमातीसाठी नव्हता, त्रास देणाऱ्या माणसासाठी होता. हा खुलासा आपण मराठीत किती वेळा ऐकलाय? "तसं मनात नव्हतं रे." "आम्ही सगळ्यांनाच असं बोलतो." बरं, त्याच बँडचा गिटारवाला स्लॅश, ज्याच्या बोटांवर निम्मं जग फिदा, त्याची आई काळी. ती शिवी त्याच्या आईलाही लागत होती.

आता ऐका. ऑक्टोबर १९८९. लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानावर रोलिंग स्टोन्सचे चार खेळ. त्यांच्या आधी वाजवायला दोन बँड. एक गन्स अँड रोझेस. दुसरा लिव्हिंग कलर, न्यूयॉर्कचा, चारी काळी पोरं. त्यांचा गिटारवाला व्हर्नन रीड त्या अफाट गर्दीपुढं मंचावरून उभ्या उभ्या त्या गाण्यावर बोलला. ज्यांच्याबरोबर मंच वाटून घ्यायचा, त्यांच्याच तोंडावर. गर्दी बहुतेक गोरी.

हे वाचलं आणि मी खोका उपसला. कारण लिव्हिंग कलर हे नाव मला कुठंतरी दिसलं होतं. सापडली. 'व्हिविड', १९८८. कव्हर गळलेलं, नुसती कॅसेट. सहा वर्षं मी ती ऐकत होतो आणि हे चौघे गोरे आहेत असं धरून चाललो होतो! कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. गिटार इतकी करकरीत वाजते म्हणजे गोराच असणार, हे मी आपोआप मानलं. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला एक माणूस बोलतो, ते मला बातम्यांतलं काहीतरी वाटायचं. तो माल्कम एक्सचा आवाज होता. त्या गाण्याला, 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी'ला, १९९० साली हार्ड रॉकचं ग्रॅमी मिळालं. माल्कम एक्स सहा वर्षं माझ्या खोलीत बोलत होता आणि मी त्याला ओळखलं नाही.

हे कसं होतं? बाहेरून कुणी न सांगता डोक्यात हे कसं बसतं?

बसवलं जातं. ही गिटार मुळात काळ्यांची. सिस्टर रोझेटा थार्प नावाची काळी बाई गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून चर्चची गाणी पेटवत होती, एल्विस शाळेत होता तेव्हा. ती १९७३ ला मेली, तिच्या थडग्यावर पस्तीस वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. लेड झेपेलिनचं 'होल लॉटा लव्ह' १९६९ चं. ते विली डिक्सन ह्या काळ्या माणसाच्या गाण्यावरनं उचललं. म्हाताऱ्यानं १९८५ साली कोर्टात खेचलं, १९८७ ला तडजोड झाली, पैसे मिळाले. अठरा वर्षांनी. तोवर झेपेलिन देव झाले होते. आणि १९७९ च्या जुलैत शिकागोच्या बेसबॉल मैदानात एका रॉक रेडिओवाल्यानं डिस्कोच्या तबकड्यांची रास स्फोटानं उडवली. डिस्को म्हणजे काळ्यांचं, लॅटिनोंचं, समलिंगींचं नाचणं. पोरं मैदानात घुसून नाचली. १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं. दोन वर्षांनी डेव्हिड बोवी त्यांच्याच कॅमेऱ्यापुढं त्यांना विचारतो, काळे कलाकार इतके कमी का दिसतात? उत्तर देताना निवेदकाची त-त-प-प झाली.

म्हणजे आधी घर लुटलं, मग घराचा इतिहास पुसला, आणि मग मूळ मालकाला दारात उभं करून सांगितलं, हे तुझं नाही. तू रॅप कर, फंक कर, सोल गा. तुझं काय ते तू वाजव. हे ऐकून वीट आला म्हणूनच व्हर्नन रीड, ग्रेग टेट आणि त्यांच्या साथींनी १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये ब्लॅक रॉक कोएलिशन काढली. कुठलं वाद्य कुणी वाजवायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं नाही, एवढीच मागणी.

आता माझ्या साथीला उत्तर देतो. तू म्हणतोस आपली हलगी आहे, आपली शाहिरी आहे, हे परकं कशाला. हलगीला मी नमस्कार करतो, माझा आजा वाजवायचा. पण आजाला हलगी कुणी दिली? गावानं दिली. मढ्यापुढं वाजव, देवापुढं वाजव, आणि देवळाच्या बाहेर उभा राहून वाजव. ती आपण हिसकून घेतली आणि मोर्चात आणली, हा आपला पराक्रम. पण 'तुझं वाद्य हे, ते तुझं नाही' ही वाटणी मूळची मनूची. ती आपल्याच तोंडून ऐकायची वेळ माझ्यावर येऊ नये. १९६६ ला ओकलंडला काळ्यांनी ब्लॅक पँथर काढली, १९७२ ला मुंबईत आपल्या थोरल्यांनी ते नाव उचललं. ते नाव परकं वाटलं नाही, गिटार मात्र परकी?

दुसरे उत्तर मागणारे वेगळे आहेत. २०२५ च्या मे महिन्यात गन्स अँड रोझेस मुंबईत आले, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. तिकीट मला परवडणारं नव्हतं. मी पाळी संपवून भिंतीबाहेर जाऊन उभा राहिलो. ऐकू येत होतं, वाऱ्यावर थोडं थोडं. माझ्यासारखीच काही पोरं होती, चांगल्या घरातलीही होती. एकाशी त्या गाण्याबद्दल बोललो तर तो म्हणाला, "सोड ना यार, संगीताला जात नसते." ज्यांना जात चिकटत नाही त्यांनाच हा शोध लागतो. संगीताला जात नसेल तर विली डिक्सनला कोर्टात का जावं लागलं, सांग. तो काही बोलला नाही, मोबाईल वर धरून भिंतीची व्हिडिओ काढत राहिला.

मी मात्र तिथून हललो नाही. आतून ती ओळखीची सुरुवात आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू? आला. घानाचा तो खलाशी मला आठवत होता आणि काटाही येत होता. दोन्ही एकदम. ह्यातलं एक सोडून दुसरं धरा असं मला कुणी सांगू नये.

'लाइज'ची कॅसेट जाळून टाक असं एक मित्र बोलला. तबकड्या जाळायचं काम शिकागोवाल्यांनी करून झालंय. पुसून टाक, दुसरा बोलला. ते काम कंपनीनंच केलं. २०१८ साली त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गाण्यांचा महागडा पेटारा बाजारात आला, 'लाइज'मधली बाकीची गाणी त्यात घातली, हे एक गाळलं. हिशेब दिला नाही, खाडाखोड केली. आपल्याकडं दप्तर जळतं ना कचेरीत, तसं.

माझ्याकडं पुरावा आहे. बी बाजू, शेवटचं गाणं, बॉलपेननं वर आकडा सात. कुणाला ऐकून माझ्याशी भांडायचं असेल त्यानं खुशाल घरी यावं. येताना टेपचा एक बेल्ट तेवढा घेऊन या, माझा तुटलाय.