नायिकेची आई झाली तेव्हा

लीला चिटणीस यांचे नाव निघाले की पडद्यावरची सोशिक आई तेवढी आठवावी, हे आम्हांस अन्यायाचे वाटते. १९०९ साली धारवाडला जन्मलेली ही पदवीधर स्त्री मराठी रंगभूमीवरून हिंदी चित्रपटांत गेली. बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या चित्रपटांत ती अशोककुमारांची नायिका होती. ‘शहीद’मध्ये (१९४८) मात्र ती दिलीपकुमारांची आई झाली; दोघांच्या वयांत अंतर अवघे तेरा वर्षांचे! अशोककुमार ‘महल’मध्येही (१९४९) नायकच होते. आमचे दुसरबीड सिंदखेडराजा तालुक्यातले, म्हणजे जिजाऊंच्या माहेरचे. इकडची आई मुलाला घडवते. पडद्यावरच्या आईच्या वाट्याला बहुधा खोकला आणि प्रतीक्षाच येते.

‘चंदेरी दुनियेत’ हे त्यांचे आत्मचरित्र सिनेमाच्या गप्पा म्हणून बाजूस सारण्याजोगे नाही. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘सांगत्ये ऐका’ शिकवताना प्राध्यापकांनी तेही वर्गात उघडावे, असा आमचा आग्रह आहे. परभाषेच्या पडद्यावर नाव मिळवलेल्या या अभिनेत्रीने आपले आयुष्य लिहिले ते मराठीत. पुढे त्या अमेरिकेत गेल्या. २००३ साली कनेक्टिकटमधील डॅनबरी येथे त्यांचे निधन झाले.