हिरवा प्रॉम्प्ट

शाळेच्या लॅबमधल्या मुख्य कॉम्प्युटरवर उबंटू आहे. टर्मिनल उघडलं की युजरचं आणि मशीनचं नाव हिरव्या रंगात दिसतं, फोल्डरचं निळ्या. एका नव्या सहकाऱ्यानं ते पाहिलं आणि हसत विचारलं, "सर, इथंही हिरवा?"

मी म्हटलं, "हा रंग माझा नाही, उबंटू असाच येतो." तो खजील झाला. विषय तिथंच संपायला हवा होता. पण खोटं कशाला बोलू, त्याच संध्याकाळी मी तो रंग बदलला. माझ्या लॅपटॉपवरची बॅशआरसी फाइल उचलून तिथं टाकली. दोन्हीकडे पिवळा प्रॉम्प्ट.

पुढच्याच आठवड्यात लॅपटॉपवरून एसएसएचनं त्या मशीनवर गेलो होतो. दोन खिडक्या शेजारी शेजारी, दोन्ही पिवळ्या. लॅपटॉपवरच्या जुन्या प्रती काढायच्या होत्या, आरएम चालवली ती लॅबच्या मशीनवर. नववीच्या मुलांनी टाइप केलेले उर्दू निबंध गेले. आरएमला कचरापेटी नसते, आणि बॅकअप मी घेतला नव्हता. मशीनचं नाव समोर लिहिलेलं होतं, हे खरं. पण घाईत डोळा अक्षर वाचत नाही, रंग पाहतो.

म्हणून प्रॉम्प्ट रंगवणं हा रिकामटेकड्यांचा शौक आहे, हे मला आता पटत नाही. काम छोटं आहे: पीएस-वन नावाच्या व्हेरिएबलमध्ये रंगाचा आकडा घालायचा. ३१ लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा. एकच पथ्य आहे. रंगाचा कोड बॅकस्लॅश लावलेल्या चौकटी कंसांत ठेवायचा. नाहीतर बॅश त्यालाही अक्षरं समजून मोजतो आणि लांब कमांड त्याच ओळीवर चढते. उर्दूत जेर-जबर अक्षराच्या वर-खाली बसतात, ओळीत वेगळी जागा घेत नाहीत. आपल्याला ते सवयीनं कळतं, बॅशला सांगावं लागतं.

आता रूटचा प्रॉम्प्ट लाल आहे, लॅपटॉप पिवळा, आणि लॅबचं मशीन पुन्हा हिरवं. कुणी विचारलं तर उबंटूचं नाव पुढे करणार नाही. मीच ठेवलाय म्हणेन.

निबंध मुलं पुन्हा टाइप करताहेत. त्यांना मी खरं कारण सांगितलं, माफीही मागितली. रंग का बदलला होता, तेवढं मात्र अजून सांगितलेलं नाही.