पोरांना एक रात्र बाहेर राहू द्या



थंडी पडली की शाळेतून चिठ्ठी येते. चौथीच्या वर्गाची मुक्कामी सहल निघणार, पालकांनी संमती द्यावी. मग घरात दोन बोलणी सुरू होतात. आजी म्हणते, “एवढंसं लेकरू परक्या जागी कसं झोपेल?” वडील म्हणतात, “आमची पोरं बारा महिने रानातच असतात. पैसे भरून आणखी कसलं रान दाखवायचं?” दोन्हींत तथ्य आहे, म्हणून नीट विचार करू.

करकंबच्या मळ्यातलं पोर बांधावरच वाढतं, हे खरं. पण आपल्या रानात ते हाताखालचं असतं. शेळी बांध, पाखरं राख, एवढंच त्याच्या वाट्याला येतं. ते पाखरू कुठलं, पाणी कुठून आलं, हे सांगायला आपल्याला सवड नसते. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. दगड, पानं, किडे रोजचेच होते. कुणी जवळ बसून दाखवलं तेव्हा त्यांचा धडा झाला.

आपल्याजवळचं उजनीच घ्या. हे धरण 1980 साली पुरं झालं. त्याच्या कालव्याचं पाणी पंढरपूर तालुक्यात येतं, ऊस पोसतं. पण त्यासाठी वरच्या अंगाच्या किती गावांनी घरंदारं सोडली, हे आपल्या पोरांना कुठं ठाऊक आहे? पाणी फार ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. थंडीत तिथं रोहित पक्षी उतरतात, पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात. हे पाहिलेलं पोर पाटाच्या पाण्याकडं निराळ्या नजरेनं बघेल.

मग मुक्काम कशाला? पाहणं दिवसात उरकतं. पण रात्री आई जवळ नसते. अंथरूण आपलं आपण घालायचं, ताट आपण घासायचं, शेजारचा रडला तर त्याची समजूत काढायची. बेडन पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं, त्यात बड्या घरची आणि कामगारांची पोरं एकत्र राहिली. त्यातूनच स्काउटची चळवळ वाढली. आपल्याकडंही वाड्यातलं आणि वस्तीवरचं पोर एका पंगतीला बसू दे.

आजीची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. मे 2024 मध्ये याच उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान नाव उलटून सहा जीव गेले. म्हणून गुरुजींना आधी विचारा : किती शिक्षक सोबत आहेत? रात्री जागं कोण राहणार? दवाखाना किती लांब आहे? पाण्याकाठी मुलांवर लक्ष कोण ठेवणार? नाव असेल तर प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आहे का? उत्तर पटलं नाही तर नाही म्हणायला संकोचू नका.

मुलगा जाईल आणि मुलगी घरी राहील, असंही करू नका. बाई सोबत आहेत का, मुलींची झोपायची सोय वेगळी आहे का, एवढं पाहा आणि तिला धाडा. उद्या शिकायला सोलापूर-पुण्याला राहायची वेळ आली, तर हीच रात्र तिच्या कामी येईल.

जाण्याआधी एक-दोन रात्री पोराला मामाकडं किंवा आत्याकडं झोपवून पाहा. पिशवीत जाड चादर, बॅटरी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्या. औषध चालू असेल तर चिठ्ठी लिहून ते गुरुजींच्या हाती द्या. सोन्याचं काही अंगावर ठेवू नका.

आणि परतल्यावर लगेच कामाला जुंपू नका. संध्याकाळी चुलीपुढं बसवून काय काय पाहिलं ते विचारा. त्या दिवशी पोरानं सांगावं आणि आपण ऐकावं.